हिस्टरी म्हणजे काय रे पोरा?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना जे निसटलं ते लिहिताना थोडं भरून काढलं आहे.)

मला कवितेवर बोला म्हणून सांगितलं होतं. मी कवितेवर बोलणार नाही. एका शब्दावर बोलणार आहे, आणि तो शब्द आपला नाही, इंग्रजांचा आहे. हिस्टरी. शाळेत आपण त्याला इतिहास म्हणून शिकलो, सनावळ्या घोकल्या, पस्तीस मार्कांनी पास झालो आणि मोकळे झालो. पण हा शब्द पुस्तकातून उठून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या रोजच्या तोंडात गेला की त्याचं काय होतं, हे शाळेत कुणी शिकवलं नाही. ते मला एका ऑफिसच्या टेबलासमोर उभं राहून कळलं.

मी गोदीत काम करतो. आमच्या टोळीत एक म्हातारे आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. सतरा महिन्यांपूर्वी जहाजाच्या पोटात डाळीच्या गोण्या लावत असताना वरून स्लिंग सुटली आणि दोन गोण्या त्यांच्या खांद्यावर आल्या. हाड मोडलं. सांधलं, पण हात आता खांद्याच्या वर जात नाही. आणि हात वर जात नाही म्हणजे गोदीत माणूस अर्धा. भरपाईचा अर्ज दिला होता, त्याला उत्तर नाही. टोळीत मॅट्रिक झालेला मी एकटा, म्हणून तात्या मला घेऊन ठेकेदाराच्या ऑफिसात गेले.

साहेब माझ्याच वयाचा. त्याने फाइल उघडली नाही. म्हणाला, "लुक, दॅट्स हिस्टरी." आणि मोबाइलकडे वळला.

तात्यांनी विचारलं, "काय म्हणतोय रे?"

मी म्हणालो, "तात्या, साहेब म्हणतात ते जुनं झालं."

तात्या जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "पण तो हिस्टरी म्हणाला. हिस्टरी म्हणजे इतिहासच ना रे पोरा? मग इतिहासात तारीख असती. काढ म्हणावं वही."

मी हसलो. साहेबाला काही बोललो नाही. तात्यांना बाहेर आणलं, चहा पाजला, परत पाळीवर गेलो. मित्रहो, त्या हसण्याची मला आज शरम वाटते. प्रायश्चित्त हा शब्द मी वापरणार नाही, तो भटाचा आहे. हिशेब म्हणू. आज मी त्या हसण्याचा हिशेब द्यायला उभा आहे.

त्या रात्री फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेली जुनी डिक्शनरी काढून बसलो. बोटीवरच्या खलाशांकडून, सिनेमातून, पेपरातून ऐकलेलं सगळं आठवून कागदावर मांडलं. बघा काय निघालं.

इंग्रजी बोलणारा म्हणतो, "दॅट्स हिस्टरी." म्हणजे संपलं, आता बोलू नका. म्हणतो, "दॅट्स एन्शंट हिस्टरी." म्हणजे फारच जुनं, उकरू नका. अमेरिकन सिनेमातला गुंड पिस्तूल रोखून म्हणतो, "यू आर हिस्टरी." म्हणजे तू मेलास. तेच वाक्य मालक कामगाराला म्हणतो, म्हणजे उद्यापासून येऊ नकोस. पण तोच इंग्रजी बोलणारा शर्यत जिंकणाऱ्याला, चंद्रावर पाय ठेवणाऱ्याला म्हणतो, "ही मेड हिस्टरी." म्हणजे हा अमर झाला!

शब्द एकच. एकाला तो अमर करतो, एकाला मारतो. मग फरक कशात? शब्दात नाही. बोलणारा कोण आणि ज्याच्याबद्दल बोलतो तो कोण, यात फरक आहे. ज्याच्या हातात दार आहे तो ठरवतो की कुणाला आत घ्यायचं आणि कुणाच्या तोंडावर दार लावायचं. दोन्ही वेळेला तो दाराला हिस्टरीच म्हणतो.

कुणी म्हणेल, ही बोलण्याची पद्धत आहे, तू उगीच राजकारण काढतोस. ठीक आहे. मग पद्धतच तपासू. जुनं झालं, जुनं झालं म्हणणारा हा इंग्रज जुनं विसरतो का? इंग्लंडने फुटबॉलचा वर्ल्ड कप एकदाच जिंकला, १९६६ साली. ते एन्शंट हिस्टरी झालं का? नाही. अजून गाणी म्हणतात. १९४५ चा विजय? दर वर्षी आठवतात. पण गुलामांच्या व्यापाराचं नाव काढा, की लगेच, "ओह, दॅट्स एन्शंट हिस्टरी."

किती एन्शंट? ऐका. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले. भरपाई कुणाला? गुलामांना नाही. मालकांना! त्यांची मालमत्ता गेली म्हणून. गुलामाला एक पै नाही, उलट शिकाऊ मजूर असं नाव देऊन १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे फुकट राबवलं. आणि त्या भरपाईसाठी सरकारने जे कर्ज काढलं होतं, ते फिटलं कधी? २०१५ साली. म्हणजे इंग्लंडात बस चालवणारा, हॉस्पिटलात लादी पुसणारा काळा माणूस, ज्याचा पणजोबा गुलाम होता, तो २०१५ पर्यंत आपल्या करातून त्या मालकांच्या भरपाईचं कर्ज फेडत होता. मालकाचा हिशेब एकशे ऐंशी वर्षं चालू राहिला. तात्यांचा सतरा महिन्यांत हिस्टरी झाला.

आता बंदराचीच गोष्ट सांगतो, कारण आपण बंदराची माणसं. इंग्लंडात ब्रिस्टल म्हणून बंदर आहे. तिथे एडवर्ड कोल्स्टन नावाच्या व्यापाऱ्याचा पुतळा १८९५ साली उभा केला. हा माणूस रॉयल आफ्रिकन कंपनीच्या कारभाऱ्यांपैकी. तो कंपनीत असतानाच्या वर्षांत कंपनीने सुमारे ८४,००० आफ्रिकन माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे नेली. त्यातली सुमारे १९,००० वाटेतच मेली, असा हिशेब सांगतात. पुतळ्याखालच्या पाटीवर मात्र तो शहराचा सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र. गुलामांचा शब्द नाही. ७ जून २०२० ला मोर्चातल्या पोरांनी दोर बांधून तो पुतळा पाडला, रस्त्यावरून गडगडत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. तेव्हा ओरड काय झाली? "तुम्ही हिस्टरी पुसताय!" सव्वाशे वर्षं त्या पाटीवर ८४,००० माणसं पुसलेली होती, तेव्हा हिस्टरी पुसली जात नव्हती. ब्रॉन्झचा एक माणूस पाण्यात गेला तेव्हा पुसली गेली.

इंग्रजीत आणखी एक गोड वाक्य आहे: "अँड द रेस्ट इज हिस्टरी." मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना वापरतात. पोरगा गरीब होता, खिशात दमडी नव्हती, एक दुकान काढलं, अँड द रेस्ट इज हिस्टरी. म्हणजे पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे, सांगायची गरज नाही. त्या 'रेस्ट'मध्ये काय काय जातं बघा. त्या दुकानाच्या गोण्या कुणी वाहिल्या, कुणाचे पगार दाबले, कुणाची बोटं मशीनमध्ये गेली, ते सगळं त्या 'रेस्ट'मध्ये. मराठीत बाकी. आपण ती बाकी आहोत.

१९६३ साली ऑक्सफर्डचा एक मोठा इतिहासाचा प्राध्यापक, ह्यू ट्रेव्हर-रोपर, याने ससेक्स विद्यापीठात व्याख्यानं दिली. ती बीबीसीवरही झाली. त्यात तो म्हणाला की आफ्रिकेला शिकवण्याजोगा इतिहास जवळजवळ नाहीच. आफ्रिकेत आलेल्या युरोपियनांचा इतिहास तेवढा आहे, आणि बाकी बहुतेक अंधार. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला. लोक तुरुंगात, जंगलात लढून झेंडा उभारत होते, आणि प्राध्यापक टेलिव्हिजनवर सांगत होता की तिकडे अंधार आहे. मोठ्या माणसाची बाकी म्हणजे हिस्टरी. काळ्या माणसाची बाकी म्हणजे अंधार.

आता मोटारवाला हेन्री फोर्ड घ्या. १९१६ साली तो शिकागोच्या एका पेपरवाल्याला म्हणाला की हिस्टरी ही कमीजास्त प्रमाणात बकवास आहे, आपण आज जी घडवतो तेवढीच खरी. पुढे त्याच पेपरने त्याला अराजकवादी म्हटलं म्हणून त्याने बदनामीचा खटला भरला. १९१९ साली कोर्टात वकिलांनी त्याला देशाच्या इतिहासाचे साधे प्रश्न विचारले. गडी धडाधड चुकला. ज्युरीने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण नुकसानभरपाई किती? सहा सेंट! आणि ज्याला हिस्टरी बकवास वाटत होती त्यानेच १९२९ साली डिअरबॉर्नमध्ये जुन्या वस्तूंचं भलंमोठं म्युझियम उघडलं. तीन वर्षांनी, ७ मार्च १९३२ ला, त्याच डिअरबॉर्नमध्ये बेकार कामगारांचा भुकेला मोर्चा फोर्डच्या कारखान्यावर गेला. पोलिसांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या चालवल्या. पाच कामगारांचा जीव गेला. पैसेवाल्याची हीच चैन असते, दोस्तांनो. वाटलं तर हिस्टरीला बकवास म्हणायचं, वाटलं तर ती विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवायची.

आणि आपल्या बाजूचेही लोक धुतल्या तांदळाचे नाहीत. १९१७ साली पेट्रोग्राडमध्ये ट्रॉट्स्कीने सभा सोडून जाणाऱ्या विरोधकांना सांगितलं, जा तुमच्या जागेवर, इतिहासाच्या कचऱ्यात. १९८२ साली अमेरिकेचा अध्यक्ष रेगन लंडनला ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांपुढे म्हणाला की मार्क्सवाद-लेनिनवाद इतिहासाच्या उकिरड्यावर जाईल. दोघे एकमेकांचे शत्रू, पण वाक्य एक. आता इंग्रजी पेपरातला कुठलाही संपादक ज्याला त्याला 'डस्टबिन ऑफ हिस्टरी'त टाकतो. टाका बाबांनो. फक्त डस्टबिन कोण उचलतो ते एकदा खाली वाकून बघा. कचऱ्यात फेकलेलं पहिलं आमच्या माणसाच्या हाताला लागतं. कचऱ्यात काय काय असतं, आणि काय काय अजून जिवंत असतं, ते आम्हाला विचारा.

इथवर तुम्ही म्हणाल, हे परमुलखातलं झालं. पण हा शब्द बोटीतून उतरून इथेही आला. चौकीवर आला. इंग्रजीत म्हणतात, "ही हॅज अ हिस्टरी." इंग्लंडात दोन जुन्या प्रेमिकांबद्दल असं म्हटलं तर लोक गालात हसतात. पण पोलिसाच्या तोंडी त्याचा अर्थ, हा माणूस पूर्वीचा संशयित. इथल्या पोलिसांनी त्याचा कागद केला. हिस्टरीशीट. आणि माणसाचं नाव झालं हिस्टरीशीटर. आपल्यातल्या किती पोरांना इतिहास या विषयातलं पुस्तक मिळालं नाही, पण शीट मिळाली!

उत्तर प्रदेशातल्या खडकसिंगाचा खटला कायद्याच्या पुस्तकात आहे. १९४१ साली दरोड्याच्या केसमध्ये धरला, पुरावा नाही म्हणून सोडला. तरी हिस्टरीशीट उघडली. मग रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावणार, झोपेतून उठवणार, गाव सोडायचं तर चौकीला सांगून जायचं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ च्या डिसेंबरात न्यायालयाने रात्रीची घरझडती तेवढी बेकायदा ठरवली. बाकी पाळत ठेवायला मोकळीक राहिली. आणि त्याच्याही आधी, १८७१ साली, इंग्रजांनी कायदाच करून अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं होतं. पोर जन्मायच्या आधी त्याची हिस्टरी तयार! तो कायदा १९५२ साली गेला. सवय गेली का? मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की मागास, अनुसूचित, विमुक्त जातींतल्या निरपराध माणसांची नावं केवळ जातीच्या ग्रहामुळे या शीटांत चढत नाहीत ना, ते बघा. न्यायालयाला बघा म्हणावं लागतं, याचा अर्थ काय तो तुम्ही काढा.

म्हणजे गंमत बघा. आपलं दुःख सांगायला गेलो की साहेब म्हणतो, दॅट्स हिस्टरी, विसरा. आणि आपल्यावर नुसता आळ आला की म्हणतो, ही हॅज अ हिस्टरी, विसरणार नाही.

मग हा शब्द फेकून द्यायचा का? मलाही तसंच वाटलं होतं. पण डिक्शनरीत मी त्याचं मूळ बघितलं, आणि च्यायला, मी उठून बसलो.

हिस्टरी हा शब्द ग्रीकांचा. हिस्टोरिया. त्याचा पहिला अर्थ गेलेला काळ असा नाहीच. त्याचा अर्थ चौकशी. विचारपूस करून कळलेलं. अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटसने ग्रीक आणि इराण्यांच्या लढायांवर पुस्तक लिहिलं, त्याला त्याने हेच नाव दिलं, माझी चौकशी. आणि त्या हिस्टोरियाच्या मागे शब्द आहे हिस्टोर, म्हणजे ज्याने बघितलं, ज्याला माहीत आहे असा माणूस. साक्षीदार, पंच. भाषाशास्त्रवाले सांगतात, त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या विद् धातूचं मूळ एक. विद्, म्हणजे जाणणं. ज्या मुळापासून वेद, त्याच मुळापासून हिस्टरी! एका फांदीवर असं फळ आलं की दुसऱ्याने ऐकलं तरी कानात शिसं ओता म्हणणारे निघाले. दुसरी फांदी गावोगाव हिंडून लोकांना विचारत राहिली, काय झालं, कसं झालं, तू बघितलंस का?

आपला इतिहास शब्द सांगतो: इति ह आस, असं असं खरोखर झालं. तो सांगून मोकळा होतो. त्याच्यात प्रश्न नाही. आणि आता आपणही इंग्रजाचं ऐकून 'इतिहासजमा' म्हणायला लागलोय. गिरणी इतिहासजमा, चाळ इतिहासजमा. अरे, जमा म्हणजे खात्यात पडलं. कुणाच्या खात्यात, ते तरी विचारा!

इंग्रजीत चौकशीचा तो जुना अर्थ एका जागी अजून जिवंत आहे. दवाखान्यात. तिथे डॉक्टर हिस्टरी घेतो. कधी पडलात, कसे पडलात, आधी काय दुखत होतं, घरात कुणाला काय होतं? तो विचारतो आणि लिहितो. "दॅट्स हिस्टरी" म्हणून रोग्याला घालवत नाही. कारण त्याला ठाऊक असतं की मागचं विचारलं नाही तर पुढचं औषध चुकतं.

अमेरिकेत कार्टर वुडसन नावाचा माणूस झाला. १८७५ चा जन्म, आईबाप पूर्वीचे गुलाम. पोटासाठी वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत उतरला. संध्याकाळी एका काळ्या जुन्या सैनिकाच्या घरी खाणकामगार जमायचे. त्या सैनिकाला अक्षर येत नव्हतं. वुडसन सगळ्यांना पेपर वाचून दाखवायचा आणि ते त्याला आपण पाहिलेलं सांगायचे. विसाव्या वर्षी हा हायस्कुलात गेला. १९१२ साली हार्वर्डचा इतिहासाचा डॉक्टर झाला. १९१५ साली त्याने काळ्यांच्या इतिहासाची संस्था काढली, १९२६ च्या फेब्रुवारीत निग्रो हिस्टरी वीक सुरू केला. त्याचाच १९७६ साली महिना झाला. ज्या शब्दाने गोरे लोक दार लावत होते, त्याच शब्दाने त्याने दार उघडलं. डोकं त्याचं होतंच, पण पहिले गुरू ते खाणीतले, ज्यांना वाचता येत नव्हतं पण ज्यांनी बघितलं होतं. तेच हिस्टोर.

आता तात्यांकडे परत येतो. तात्यांनाही अक्षर येत नाही. पण त्यांच्या घरी खुंटीला प्लॅस्टिकची पिशवी आहे. तिच्यात दवाखान्याचा केसपेपर आहे. त्यावर डॉक्टरने इंग्रजीत हिस्टरी लिहिली आहे: तारीख, वेळ, जहाजावर काम करताना खांद्यावर गोणी पडून इजा. मी परवा वाचला. सतरा महिने तो कागद तिथे लटकत होता आणि मी, मॅट्रिक झालेला कवी, एकदाही वाचायला मागितला नव्हता.

म्हणजे साहेबाने हिस्टरी म्हणून दार लावलं तेव्हा तात्यांनीच त्या शब्दाचा खरा अर्थ पकडला होता. इतिहास आहे? मग तारीख असती. काढ वही. आणि मी त्यांचं हे वाक्य इंग्रजीत सांगितलं नाही. दुभाषा म्हणून गेलो आणि एकाच बाजूचा दुभाषा झालो. साहेबाचं तात्यांना सांगितलं, तात्यांचं साहेबाला नाही. दोस्तांनो, शिकलेल्या आपल्या पोरांचं हे दुखणं आहे. वरचं खाली आणतो, खालचं वर नेताना आपली जीभ अडते. आणि अडली की आपण हसतो.

या देशात कामगाराच्या भरपाईचा पहिला कायदा १९२३ साली झाला. शंभर वर्षं उलटून गेली. तेव्हा हा दयेचा मामला नाही. सोमवारी माझी पाळी दुपारची आहे. सकाळी तात्या आणि मी पुन्हा जाणार आहोत. केसपेपरची झेरॉक्स काढली आहे. त्या दिवशी त्या स्लिंगखाली असलेल्या टोळीतल्या चौघांनी बघितलं ते मी लिहून घेतलं आहे. दोघांनी सही केली, दोघांनी अंगठा दिला. तिथे नाही घेतलं तर कामगार खात्याच्या ऑफिसात जाऊ. तुमच्यापैकी ज्यांची सकाळ मोकळी आहे त्यांनी यावं. भाषण करायला नको, नुसतं उभं राहायला.

साहेब पुन्हा म्हणेल, दॅट्स हिस्टरी. या वेळी मी हसणार नाही. मी म्हणेन, "येस सर, इट इज. प्लीज ओपन द रजिस्टर."

जयभीम.